भाग ३१: अडत्या नको! झिरोएमक्यूची गोष्ट

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं पडतं त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ जमेल तेवढे गाळलेत.)

आज गोष्ट एका लायब्ररीची. पुस्तकांच्या नाही, कोडच्या.

तुमच्यापैकी ज्यांनी कधी पायथन शिकायला घेतलंय त्यांनी ज्युपिटर नोटबुक इन्स्टॉल केलं असणार. इन्स्टॉल होताना टर्मिनलवर भराभर नावं सरकत जातात. त्यात एक नाव हमखास येतं, पायझेडएमक्यू. बीटेकच्या तिसऱ्या वर्षाला मी ते पहिल्यांदा पाहिलं आणि सोडून दिलं, जशी बाकीची पन्नास नावं सोडून देतो तसंच. त्या नावामागे कोण माणसं होती, त्यांचं भांडण कशावरून झालं आणि त्यातल्या एकाने मरणाच्या आधी काय लिहून ठेवलं, हे कळायला पुढे चार-पाच वर्षं गेली.

कळलं ते एका वाईट रात्रीमुळे. पुण्यातली माझी पहिली नोकरी. कंपनीचं नाव राहू द्या. आमच्याकडे वीसेक छोट्या सर्व्हिसेस होत्या आणि मधोमध एक मेसेज ब्रोकर. ऑर्डर आली की ऑर्डरवाली सर्व्हिस ब्रोकरला सांगणार, ब्रोकर पेमेंटला सांगणार, पेमेंट पुन्हा ब्रोकरला, ब्रोकर गोडाउनला. एका शनिवारी रात्री पावणेतीनला फोन वाजला. ब्रोकरच्या मशीनची डिस्क भरली होती. बाकी सगळ्या सर्व्हिसेस ठणठणीत, पण कोणी कोणाशी बोलेना. सकाळी सातला सगळं उभं राहिलं, तोवर माझे चार चहा झाले होते आणि मॅनेजरचे दोन ईमेल येऊन पडले होते.

सोमवारी मी टीममधल्या दादाला विचारलं, “मधला ब्रोकरच नसेल तर?”

तो म्हणाला, “तर त्याची कामं तुला करावी लागतील. झिरोएमक्यूचं गाईड वाच, मग बोलू.”

मी जुन्नर तालुक्यातला आहे. नारायणगावचा टोमॅटोचा बाजार ज्यांनी पाहिलाय त्यांना दादाचं वाक्य लगेच कळेल. शेतकरी क्रेट घेऊन येतो, व्यापारी पैसे घेऊन येतो, मध्ये अडत्या. लहानपणापासून मी अडत्याला शिव्याच ऐकल्यात. पण आमचे काका, जे स्वतः शिव्या घालण्यात पुढे, ते एकदा म्हणाले होते, “रात्री अकराला गाडी पोचली तर माल उतरवून घेतो कोण? तोच ना.” ब्रोकरचं नेमकं हेच आहे. समोरचा हजर नसला तरी तो माल उतरवून घेतो, सांभाळतो, ज्याचा त्याला देतो. आणि तो बसला की अख्खा बाजार बसतो.

आता थोडं मागे जाऊया, कारण हा ‘अडत्या’ संगणकात आला कुठून ते बघायला हवं.

१९८० च्या दशकातला वॉल स्ट्रीट. ट्रेडरच्या टेबलावर चार-चार पडदे, प्रत्येक माहितीचा वेगळा. मुंबईत जन्मलेला आणि एमआयटीत शिकलेला एक मराठी माणूस, विवेक रणदिवे, यांच्या डोक्यात आलं की संगणकाच्या आत हार्डवेअरचे भाग एका ‘बस’वरून एकमेकांशी बोलतात, तसं सॉफ्टवेअरने का बोलू नये? भाव पाठवणारा फक्त विषय सांगून पाठवेल, ज्याला तो विषय हवा तो ऐकेल. दोघांना एकमेकांची ओळखही लागणार नाही. आज आपण याला पब्लिश-सबस्क्राइब म्हणतो. यूट्यूबवर बेल दाबता ना, त्यामागची कल्पना हीच. रणदिवेंच्या टेकनेक्रॉन कंपनीचं ‘द इन्फर्मेशन बस’ बँकांमध्ये घुसलं, १९९४ मध्ये रॉयटर्सने ती कंपनी विकत घेतली, आणि १९९७ मध्ये रणदिवेंनी टिबको काढली. टिबकोतलं टिब म्हणजे तीच इन्फर्मेशन बस. (पुढे २०१३ मध्ये त्यांनी सॅक्रामेंटो किंग्ज ही एनबीए टीम घेतली, पण तो वेगळा एपिसोड.) दुसऱ्या बाजूला आयबीएमचं एमक्यूसिरीज १९९३ मध्ये आलं. दोन्ही उत्तम, दोन्ही महाग, आणि एकाचं दुसऱ्याशी जमत नाही.

बँकांना हे खुपायला लागलं. लंडनला जेपी मॉर्गनमध्ये जॉन ओ’हारा नावाच्या माणसाने २००३ मध्ये ठरवलं की मेसेजिंगचा खुला प्रोटोकॉल हवा, जसा वेबसाठी एचटीटीपी आहे तसा, कोणत्याही कंपनीच्या मालकीचा नसलेला. त्याचं नाव एएमक्यूपी. प्रोटोकॉल लिहून काढायचं आणि त्याचा पहिला सर्व्हर बांधायचं काम गेलं ब्रसेल्समधल्या आयमॅटिक्स या छोट्या कंपनीकडे. तिचे मालक पीटर हिंचेन्स. या गोष्टीतला मुख्य माणूस.

हिंचेन्स हे नुसते प्रोग्रॅमर नव्हते. तेव्हा युरोपात सॉफ्टवेअरवर पेटंट द्यायचा कायदा येऊ घातला होता आणि त्याविरुद्ध लढणाऱ्या एफएफआयआय या संघटनेत ते होते. जुलै २००५ मध्ये युरोपियन पार्लमेंटने तो कायदा ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला. नंतर २००७ पर्यंत ते त्या संघटनेचे अध्यक्ष होते. म्हणजे दिवसा बँकेसाठी प्रोटोकॉल लिहायचा आणि बाकी वेळात मोठ्या कंपन्यांशी भांडायचं, असा माणूस.

एएमक्यूपीचं काय झालं? कमिटी झाली. सिस्को, रेड हॅट, आणि पुढे आणखी मोठे मोठे. प्रत्येकाला काहीतरी घालायचं होतं. हिंचेन्स यांचं म्हणणं होतं की स्टँडर्ड दिवसेंदिवस जाड आणि अवघड होत चाललंय, छोट्या माणसाला ते अमलात आणणं अशक्य होईल. २००८ मध्ये त्यांनी हे जाहीरपणे लिहिलं आणि २०१० मध्ये आयमॅटिक्स त्या गटातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. स्वतः लिहिलेल्या प्रोटोकॉलमधून! एएमक्यूपीचं १.० व्हर्जन २०११ मध्ये आलं तेव्हा ते मूळच्यापेक्षा इतकं वेगळं होतं की रॅबिटएमक्यूसारखा लोकप्रिय ब्रोकर मुख्यतः जुन्या ०-९-१ वरच चालत राहिला. या मुद्द्यावर मी हिंचेन्स यांच्या बाजूचा आहे, हे सांगून टाकतो. स्टँडर्ड वाचून एका माणसाला सुट्टीच्या महिन्यात काहीतरी चालतं करून दाखवता आलं पाहिजे. नाहीतर खुलं असून उपयोग काय?

या कामात एक स्लोव्हाक इंजिनियर होते, मार्टिन सुस्त्रिक. एएमक्यूपी त्यांनी आतून पाहिलं होतं. २००७ मध्ये त्यांनी हिंचेन्स यांच्या साथीने नवं काम सुरू केलं आणि सुरुवातच ब्रोकर काढून टाकण्यापासून केली. नावातला झिरो तिथला. शून्य ब्रोकर आणि, जमेल तितकी, शून्य दिरंगाई. पुढे त्या शून्याचे आणखी अर्थ लावले गेले, शून्य खर्च, शून्य देखभाल वगैरे, पण मूळ हे.

आता हे चालतं कसं? इथे जरा रेंगाळतो, कारण मला यातच मजा वाटते.

पहिली गोष्ट, झिरोएमक्यू हा सर्व्हर नाहीच. तो चालू करावा लागत नाही, त्याचं वेगळं मशीन नसतं. ती लायब्ररी आहे, तुमच्या प्रोग्रॅमच्या पोटात बसते. अडत्याचं दुकान बंद करून त्याची वही प्रत्येक शेतकऱ्याच्या आणि प्रत्येक व्यापाऱ्याच्या खिशात दिली, असं समजा.

दुसरी गोष्ट, असिंक्रोनस. तुमचा प्रोग्रॅम मेसेज ‘पाठव’ म्हणतो तेव्हा मेसेज लगेच तारेवर जात नाही. तो एका रांगेत ठेवला जातो आणि प्रोग्रॅम पुढच्या कामाला लागतो. मागे एक वेगळा थ्रेड असतो, तो रांगेतून उचलून नेटवर्कवर टाकतो. व्हॉट्सॲपवर मेसेज टाकून तुम्ही फोन खिशात ठेवता तसं. पण फरक लक्षात घ्या. व्हॉट्सॲपवर एक टिक आली म्हणजे मेसेज त्यांच्या सर्व्हरवर पोचला, समोरच्याचा फोन बंद असला तरी तो तिथे थांबतो. झिरोएमक्यूत मध्ये सर्व्हरच नाही. मेसेज एक तर तुमच्या मेमरीत आहे नाहीतर समोरच्याच्या.

तिसरी गोष्ट, वेग. मूळ हेतू शेअर बाजाराचा होता, त्यामुळे पहिलं अख्खं वर्ष वेग कसा मोजायचा आणि रचना जास्तीत जास्त वेगवान कशी करायची यातच गेलं, असं सुस्त्रिक यांनीच लिहून ठेवलंय. एक युक्ती सांगतो. छोटे छोटे मेसेज एकेक करून पाठवले तर प्रत्येक वेळी ऑपरेटिंग सिस्टीमचा आणि नेटवर्क कार्डाचा सगळा उंबरठा ओलांडावा लागतो. म्हणून एक खेप सुरू असताना रांगेत जेवढे मेसेज जमा होतील तेवढे पुढच्या खेपेला एकदम उचलायचे. एका क्रेटसाठी कोणी टेम्पो पाठवत नाही. टेम्पो बाजारातून परत येईपर्यंत बांधावर जेवढे क्रेट साठले तेवढे भरायचे आणि निघायचं. माल कमी असेल तर एका क्रेटसाठीही थांबायचं नाही. म्हणजे गर्दी नसताना दिरंगाई नाही आणि गर्दी असताना टेम्पो भरून जातो. वाचल्यावर वाटतं, अरे, हे तर मलाही सुचलं असतं. सुचलं नव्हतं.

चौथी, सोय. वेगाचं वर्ष संपल्यावर त्यांनी ओळखलं की शेअर बाजार सोडून इतरांनाही हे हवंय. मग वापरायची पद्धत जुन्या ओळखीच्या सॉकेटसारखी केली, ज्याने कॉलेजात नेटवर्किंगचं प्रॅक्टिकल केलंय त्याला पाहताक्षणी कळेल अशी. आणि सॉकेटला स्वभाव दिले. काही फक्त प्रश्न विचारतात आणि उत्तराची वाट बघतात, काही जाहीर करतात, काही नुसतं काम वाटून देतात.

आणि आता दादाचं वाक्य. ब्रोकरची कामं तुला करावी लागतील. समजा ऐकणारा हळू आहे आणि पाठवणारा वेगवान. रांग कुठे वाढणार? पाठवणाऱ्याच्याच मेमरीत. जुन्या २ च्या मालिकेत रांगेला मुळात मर्यादाच नव्हती, त्यामुळे मेमरी फुगून प्रोग्रॅम कोसळायचा. ३ च्या मालिकेपासून १००० मेसेजची मर्यादा आली. ती भरली की पुढे काय ते सॉकेटच्या स्वभावावर. काम वाटणारं सॉकेट थांबतं. जाहीर करणारं सॉकेट मात्र जास्तीचे मेसेज गुपचूप टाकून देतं! मी पहिल्यांदा वापरलं तेव्हा दहा हजारांतले काही शे मेसेज गायब झाले आणि मी दोन दिवस स्वतःच्या कोडात चूक शोधत बसलो. गाईडमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं होतं. रात्री अकराला गाडी पोचली तर माल उतरवून घेतो कोण, याचं उत्तर तुम्हाला स्वतः लिहावं लागतं.

तरीही लोकांनी ते घेतलं. जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये २७ किलोमीटर घेराचा लार्ज हॅड्रॉन कोलायडर आहे. तिथली यंत्रं ज्या नियंत्रण प्रणालीवर चालतात तिचा जुना पाया कोर्बा या तंत्रावर होता. तो बदलायचं ठरलं तेव्हा तिथल्या इंजिनियरांनी बाजारातले पर्याय तपासले आणि २०११ मध्ये निष्कर्ष मांडला, झिरोएमक्यू. त्याच वर्षी आयपायथन या प्रकल्पाने ०.११ व्हर्जनमध्ये आपली रचना झिरोएमक्यूवर नव्याने बांधली. कोड चालवणारा कर्नल वेगळा, तुम्ही टाइप करता तो पडदा वेगळा, मध्ये झिरोएमक्यूची सॉकेट. वर्षअखेरीस त्यावर नोटबुक आलं, आणि त्याचंच पुढे ज्युपिटर झालं. आजही तुम्ही नोटबुकात शिफ्ट-एंटर दाबता तेव्हा तो कोड झिरोएमक्यूच्या मेसेजमधूनच कर्नलकडे जातो.

आणि एक आमच्या गावाजवळचं. नारायणगावपासून थोडं पुढे खोडदला जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. ती दुर्बीण चालवणाऱ्या पुण्याच्या एनसीआरएने एसकेए या जागतिक रेडिओ दुर्बिणीच्या ‘टेलिस्कोप मॅनेजर’ भागाच्या आखणीचं नेतृत्व केलं. एसकेएने नियंत्रणासाठी टँगो नावाची प्रणाली निवडली, आणि टँगोच्या ८ व्या व्हर्जनपासून त्यातले इव्हेंट झिरोएमक्यूवरून जातात. लहानपणी एसटीच्या खिडकीतून त्या तबकड्या बघताना मला यातलं काहीही ठाऊक नव्हतं.

आता भांडणाकडे. इथपर्यंत गोष्ट यंत्रांची होती.

लायब्ररी वाढली तसे प्रश्न वेगळे झाले. कोणाचा बदल आत घ्यायचा? नाही कोण म्हणणार? व्हर्जन बदलताना जुनं मोडलं तर चालेल का? सुस्त्रिक हे मूळ रचनाकार, त्यांना रचना स्वच्छ हवी. हिंचेन्स यांना आत येणारा प्रत्येक माणूस हवा. ‘झिरोएमक्यू’ या नावाचा ट्रेडमार्क आयमॅटिक्सकडे. २०१२ मध्ये सुस्त्रिक आणि आणखी एक मूळ डेव्हलपर, मार्टिन लुचिना, बाहेर पडले आणि त्यांनी त्याच कोडचा फोर्क काढला, क्रॉसरोड्स आय/ओ. कोड खुला, तो नेता येतो. नाव नेता येत नाही. पुढे सुस्त्रिक यांनी तेही सोडून सी भाषेत पहिल्यापासून नॅनोमेसेज लिहायला घेतलं. झिरोएमक्यू सी++ ऐवजी सीमध्ये लिहायला हवं होतं, असा त्यांनी स्वतःच्याच कामावर लिहिलेला लेख आजही प्रोग्रॅमर लोकांत वाद पेटवतो. मला तो प्रामाणिकपणा आवडतो. स्वतःची गाजलेली वस्तू बाजूला ठेवून ‘चुकलं’ म्हणायला छाती लागते.

घराचा आर्किटेक्ट निघून गेल्यावर घराचं काय होतं? हिंचेन्स यांनी त्यावर जे केलं ते माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम, कुठल्याही कोडपेक्षा. त्यांनी एक करार लिहिला. नाव सी-फोर, झिरोएमक्यूच्या आरएफसी मालिकेतला २२ वा. दोन-तीन पानांचा आहे, प्रोटोकॉलच्याच कोरड्या भाषेत. बदल पाठवणाऱ्याने आधी अडचण काय ते एका ओळीत लिहायचं, मग तिच्यावरचा कमीत कमी उपाय. टेस्ट पास झाल्या पाहिजेत, जुनं मोडता कामा नये. एवढं असेल तर मेंटेनरने तो बदल पटकन आत घ्यायचा. मला आवडला का, माझ्या दृष्टीने सुंदर आहे का, हे त्याने बघायचंच नाही! आणि मेंटेनरने स्वतःचा बदल स्वतः आत घ्यायचा नाही, त्यालाही रांगेत उभं राहावं लागतं.

ऐकायला हे वेड्यासारखं वाटतं. वाईट कोड आत आला तर? हिंचेन्स यांचं उत्तर असं होतं की वाईट कोड आत आला तर तो सगळ्यांना दिसतो, कोणी पाठवला तेही कायमचं नोंदलं जातं, आणि दुसरा कोणीतरी तो दुरुस्त करतो. ती दुरुस्ती करणारा बहुतेक वेळा नवा माणूस असतो. पण चांगला माणूस दारात उभा राहून परत गेला, तर त्याची नोंद कुठेच होत नाही.

थोडक्यात मेसेजमधला अडत्या काढला होता, आता प्रकल्पातलाही काढला. आणि त्या अडत्यांमध्ये ते स्वतः होते.

करारात आणखी एक कलम होतं. बदल पाठवणाऱ्याने मालकी हक्क कोणाला लिहून द्यायचा नाही, ज्याचा कोड त्याचाच. त्यामुळे कोणतीही कंपनी, आयमॅटिक्ससुद्धा, उद्या अख्खी लायब्ररी कोणाला विकू शकत नाही. सातबाऱ्यावर शंभर नावं असली की जमीन विकायला शंभर सह्या लागतात, तसं. हे कलम लक्षात ठेवा, परत येतोय.

एप्रिल २०१६. हिंचेन्स यांना काही वर्षांपूर्वी पित्तनलिकेचा कर्करोग झाला होता. तो परत आला, या वेळी फुप्फुसात, आणि उपाय नव्हता. वय ५३. त्यांनी एक लेख लिहिला, नाव ‘अ प्रोटोकॉल फॉर डाइंग’, मरणाचा प्रोटोकॉल. नेटवर्कचे प्रोटोकॉल लिहिणाऱ्याला हेच सुचणार. मरणारा एक बाजू, भेटायला येणारा दुसरी बाजू. कोणी काय बोलायचं, काय बोलायचं नाही. ‘तुम्ही लढा, बरे व्हाल’ असं म्हणू नका. फोनवर रडू नका. आपण कसे भेटलो होतो, तेव्हा काय गंमत झाली होती, ते सांगा. मी तो लेख पहिल्यांदा वाचला तेव्हा आमची आजी दवाखान्यात होती आणि नातेवाईक रोज येऊन तिला ‘काही होत नाही तुम्हाला’ म्हणत होते. मी तिच्याजवळ बसलो आणि विचारलं, “आजी, तू पहिल्यांदा एसटीत कधी बसलीस?” ती पाऊण तास बोलली. यापेक्षा जास्त त्याबद्दल मला इथे बोलता येणार नाही.

बेल्जियममध्ये २००२ पासून इच्छामरणाचा कायदा आहे. ४ ऑक्टोबर २०१६ ला हिंचेन्स यांनी तो मार्ग घेतला. आधीचे महिने ते लिहीतच होते, त्यात जुन्या आठवणींचं एक पुस्तकही झालं.

पुढच्याच महिन्यात, नोव्हेंबर २०१६ मध्ये, झिरोएमक्यूचं ४.२.० व्हर्जन बाहेर पडलं. रिलीजच्या यादीत नेहमीसारख्या दुरुस्त्या, नवी फीचर्स. काम थांबलं नाही.

आणि आता ते कलम. झिरोएमक्यूचं लायसन्स एलजीपीएल होतं, वर एक खास सवलत जोडलेली. ही जोडणी वकिलांना कळायची नाही, त्यामुळे काही कंपन्या वापरायला बिचकायच्या. सगळ्यांना माहीत असलेलं मोझिला पब्लिक लायसन्स घ्यायचं ठरलं. पण सातबाऱ्यावर नावं किती! प्रत्येक माणसाला शोधून विचारायचं, ज्याने दहा वर्षांपूर्वी तीन ओळी पाठवल्या त्यालाही. कोणाचा ईमेल बंद, कोणी कंपनी बदललेली, कोणी उत्तरच देत नाही. जिथे परवानगी मिळाली नाही तिथला कोड काढून टाकावा लागला किंवा नव्याने लिहावा लागला. वर्षानुवर्षं हे चाललं. ऑक्टोबर २०२३ मध्ये ४.३.५ आलं तेव्हा ते पूर्ण झाल्याचं त्यात लिहिलं गेलं. एक मालक असता तर हे एका दुपारचं काम होतं. माझा एक मित्र म्हणतो, हाच हिंचेन्स यांच्या पद्धतीचा पराभव. मी त्याच्याशी तासभर भांडलो आणि मला अजून खात्री नाही. कारण एक मालक असता तर त्याच दुपारी तो लायसन्स बंदही करू शकला असता, आणि गेल्या काही वर्षांत रेडिस आणि इलॅस्टिकसर्चच्या बाबतीत काय झालं ते आपण पाहिलंय.

जाता जाता एक कबुली. माझीही एक छोटी लायब्ररी आहे, आकड्यांचं मराठी अक्षरात रूपांतर करणारी. एकोणऐंशी, एकोणनव्वद हे सगळं हाताने भरलंय. नांदेडच्या एका कॉलेजातल्या मुलीने मला त्यात ‘सव्वा, दीड, पावणेदोन’ जोडणारा बदल पाठवला होता. टेस्ट पास. अडचण पहिल्याच ओळीत लिहिलेली. मला तिची व्हेरिएबलची नावं आवडली नाहीत, म्हणून ‘बघतो’ लिहिलं आणि बघितलं नाही. हा भाग लिहायला बसलो तेव्हा तारीख पाहिली. अकरा महिने.

काल रात्री मर्ज केला. सकाळी तिचा निरोप आला होता, की तिने ती लायब्ररी वापरणं कधीच सोडून दिलंय, पण ‘अडीच’ला एक बग आहे, तो बघा.

तोच बघतोय. पुढच्या भागात भेटू.